चेल्याबिन्स्कचा नवस

राजगोपालरावांनी दुपारी गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळला, तेव्हाच घरात सगळ्यांना कळलं की आज यांना काही सांगण्यात अर्थ नाही. बाहेर मे महिन्यातलं अग्निनक्षत्र पेटलं होतं. गच्चीवर वाळत घातलेले तांदळाचे वडाम उचलायला गेलेल्या कनकाचे पाय चपला घालूनही भाजले होते, आणि तिचे चौऱ्याऐंशी वर्षांचे सासरे काळापांढरा मफलर, त्यावर अस्वलाचा बिल्ला, अशा थाटात पंख्याखाली बसले होते. मफलरला डांबरगोळ्यांचा वास येत होता. इतक्या उकाड्यात तो कपाटाबाहेर निघायची पाळी यापूर्वी एकदाच आली होती, बारा वर्षांपूर्वी.

चेल्याबिन्स्कचा ट्रॅक्टर फायनलला गेला होता.

हा ट्रॅक्टर शेतातला नव्हे. रशियात उरल डोंगराच्या कुशीत चेल्याबिन्स्क नावाचं शहर आहे, तिथं ट्रॅक्टरचा अवाढव्य कारखाना आहे, आणि त्या कारखान्यानं सत्तेचाळीस साली काढलेला आइस हॉकीचा क्लब आहे. इकडे आपण स्वतंत्र होत होतो आणि तिकडे ते लोक बर्फावर काठ्या घेऊन एकमेकांच्या नडग्या फोडत होते. क्लबचं नाव आधी झेर्झिनेत्स होतं, मग अवानगार्द झालं, मग ट्रॅक्टर. नावं तीन झाली, अजिंक्यपद मात्र एकही पदरात पडलं नाही.

त्र्याण्णव सालच्या हिवाळ्यात राजगोपालराव चेन्नईच्या ट्रॅक्टर कंपनीच्या कामासाठी तिथं गेले होते. ते शहर तोवर परदेशी माणसाला बंद होतं. ते उघडलं न उघडलं तोच तंजावरकडचा एक शाकाहारी इंजिनियर बटाटे आणि दही यांवर हिवाळा काढायला हजर झाला. कारखान्यातले सोबती त्यांना हॉकी दाखवायला घेऊन गेले. "पाण्यावर चालणारे देव आपण ऐकले आहेत," राव पुढं आयुष्यभर सांगत राहिले, "पाण्यावर हाणामारी करणारी माणसं मी डोळ्यांनी पाहिली." त्याच दिवसांत घरून तार आली की मुलाला, कार्तिकेयला, मुलगी झाली. आनंदाच्या भरात, बाहेर उणे पंचवीस असताना, त्यांनी तिथल्या तिथं नवस केला: ट्रॅक्टर चॅम्पियन झाला की नातीचं जावळ तिरुपतीच्या देवाला. खिशातला एक रूबल रुमालात बांधला आणि घरी येऊन तीच गाठ पिवळ्या कापडात बांधून देवघरात ठेवली. तिला सगळे मुडुपु म्हणत.

तंजावरकडच्या या मराठी लोकांत नवस नेहमी दुसऱ्याच्या डोक्यावर बोलला जातो. बापाला नोकरी लागावी म्हणून पोराचं मोट्टै म्हणजे मुंडण, आजीचा गुडघा बरा व्हावा म्हणून नातवाचं. डोकं ज्याचं त्याला विचारायची रीत नाही. राव तर तेव्हाच टकले होते, त्यांच्याकडं देण्यासारखं स्वतःचं काही नव्हतं. त्या मोसमात ट्रॅक्टर तिसरा आला. पुढल्या वर्षी नक्की, असं त्यांनी घरी येऊन छातीठोक सांगितलं.

जावळ तीन वर्षांच्या आत काढतात. नात श्रीविद्या आता एकतीस वर्षांची होती.

तिच्या केसांना जन्मापासून कात्री लागली नव्हती. ते गुडघ्याच्या खाली गेले होते. उशीवर आधी केस ठेवायचे आणि मग डोकं, अशी तिची झोपायची पद्धत होती. शाळेत वर्गातल्या मुली तिच्या वेणीला रिबिनी बांधून खांबाला अडकवून ठेवत. चेन्नईत पाण्याचे हाल झाले त्या वर्षी शेजाऱ्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव आणला होता की टँकर येईल त्याच दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीनं न्हावं. ठराव पास झाला होता.

आज तो प्रश्न नव्हता. कनकानं तिला दुपारी शिकेकाईनं न्हाऊ घातलं होतं आणि आता टोपलीखाली सांबराणीच्या उदाचा धूर करून केस वाळवत बसली होती. संध्याकाळी होणारी सासू नीलमताई येणार होती, नवरा मुलगा आशिष येणार होता, पुढल्या महिन्यातल्या लग्नाचं ठरवायचं होतं, आणि त्याच संध्याकाळी ट्रॅक्टरची मॅच होती. मालिकेत ट्रॅक्टर मागे पडला होता. आज हरला की संपलं.

"हरूं दे," कनका धुरात डोळे बारीक करून देवीला म्हणाली. "अम्मन, आज तेवढा हरूं दे. लग्न होऊं दे, मग जिंकायचं ते जिंकू दे."

"मी रोज जिंकायची प्रार्थना करत्ये अम्मा."

"जिंकला म्हणजे मोट्टै करून मंडपांत बसणार कीं तू?"

"बसत्ये. गार लागेल."

"चेष्टा नको करू. त्या पुण्याच्या बाईनं तुला केसांवरनं पसंत केलंय. मुलाच्या डोस्क्यावर एक नाही. पोरं तरी केसाळ होतील म्हणून तिनं हिशेब केलाय."

हे खरं होतं. आशिष ओरगडमला ट्रकच्या कारखान्यात होता, तेहतीस वर्षांचा होता, आणि त्याच्या डोक्यावरचं पीक पूर्ण गेलं होतं. श्रीविद्येची आणि त्याची भेट चेन्नईजवळच्या कोवलमला झाली होती, जिथं कोळ्यांची पोरं आता होड्यांच्या शेजारी लाटांवर फळ्या चालवायला शिकवतात. श्रीविद्या घरी न सांगता बसनं तिथं शिकायला गेली होती. पहिल्याच लाटेत केस सुटले, पाण्यात फुगले, तोंडाभोवती, हातांभोवती, मानेभोवती गुंडाळले गेले आणि ती खाली गेली. आशिषनं तिला वेणी धरून बाहेर ओढलं. शिकवणाऱ्यानं तिला सरळ सांगितलं, अक्का, हे कापून या, नाहीतर येऊ नका. आशिष म्हणतो केसांनी जीव वाचवला. श्रीविद्या म्हणते केसांनीच घेतला होता. तिला पुन्हा त्या पाण्यात जायचं होतं. एकतीस वर्षांत तिनं स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट होती, आणि ती एका परदेशी क्लबच्या गोलकीपरवर अवलंबून होती.

म्हणून तिला त्या क्लबबद्दल घरात सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होतं. खेळाडूंची नावं, कोणाचा गुडघा दुखावलाय, कोणाचा करार संपतोय. आजा तिला आपली शिष्या समजत होते. कैदी तुरुंगाच्या कुलपाचा अभ्यास करतो तसा तिचा अभ्यास होता, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

नीलमताई आणि आशिष वेळेवर आले. नीलमताई आठ वर्षं चेन्नईत राहून अजून रिक्षावाल्याशी हिंदीत भांडत आणि हरत. पण त्या मोकळ्या मनाच्या होत्या. दारातच त्यांनी श्रीविद्येची वेणी हातात घेतली आणि वजन केल्यासारखी वर-खाली केली.

"काय बाई केस आहेत. आमच्या सात पिढ्यांत असे केस नाहीत. काय लावता हो कनकाताई?"

कनकाचा धाकटा दीर विश्वेश सोफ्यावरून म्हणाला, "आम्ही काही लावत नाही. आम्ही फक्त हरतो."

विश्वेश बँकेत ऑफिसर होता आणि घरातल्या कुठल्याही भांडणात दोन्ही बाजूंना काडी लावून मधे बसायची त्याला हौस होती. कनकानं त्याच्याकडं असं पाहिलं की तो पापड आणायला उठला. श्रीविद्येचे वडील कार्तिकेय तेवढ्यात दही आणायला बाहेर पडले. घरात वादळाचा वास आला की त्यांना दही आणायची आठवण होई. फ्रिजमध्ये आधीच तीन पाकिटं होती.

जेवण उत्तम झालं. केळीच्या पानावर डांगर पचडी, रसवांगी, पोळी, पायसम. नीलमताईंनी पचडी दोनदा मागून घेतली. मुहूर्त ठरला, टी. नगरला साड्या घ्यायला कोणी कोणी जायचं ते ठरलं. सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की कनकाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. तेवढ्यात राजगोपालराव पानावरून उठले, हात धुतले, देवघरात गेले, पिवळी गाठ घेऊन आले आणि टीव्हीपुढं स्टुलावर ठेवून तिला कुंकू लावलं.

"हे काय असतं?" नीलमताईंनी विचारलं.

"कांही नाही, आमची एक पद्धत," कनका घाईनं म्हणाली.

"पद्धत कसली? नवस आहे," राव म्हणाले. आणि मफलर नीट करून त्यांनी नीलमताईंना सगळं सांगितलं. बटाटे, दही, उणे पंचवीस, तार, रूबल, जावळ. ते फार छान सांगत. आशिष ऐकताना हसू दाबत होता, कारण त्याला कोवलमच्या वाळूतच हे कळलं होतं. नीलमताई ऐकता ऐकता हळूहळू ताठ होत गेल्या.

"म्हणजे," त्या सावकाश म्हणाल्या, "आज हा ट्रॅक्टर जिंकला तर माझी सून बोडकी?"

"आज नव्हे. आज जिंकला तर मालिका पुढं जाईल. अजून दोन मॅच जिंकाव्या लागतील," रावांनी त्यांना धीर दिला.

"आणि हरला तर?"

"तर पुढल्या वर्षी."

"अहो पण हे आम्हाला आधी सांगायचं नाही का? पत्रिका बघितली, रक्तगट बघितला. रशियात कोण कितव्या नंबरावर आहे हे बघायचं आम्हाला कसं सुचणार?"

विश्वेश पापड घेऊन परत आला होता. "ताई, तसं बघितलं तर हे मागंच संपायला हवं होतं. दोन हजार बारा साली आमचे हे लोक अख्ख्या लीगमध्ये पहिले आले होते. वैनीनं तिरुपतीची बॅग भरली होती."

"ते साखळीतलं पहिलं," राव म्हणाले. "चॅम्पियन नव्हे. नॉकआउटमध्यें गेले."

"देवाला कुठं कळतंय अप्पा, साखळी काय आणि नॉकआउट काय?"

"देवाला कळतंय. त्याला न कळायला तो काय तुझा ब्रँच मॅनेजर आहे?"

"मी तेव्हाच म्हटलेलं, पूमुडी देऊं," कनका पदरानं वारा घेत म्हणाली. "बायकांचं मोट्टै करत नाहीत. तीन कात्र्या मारतात, चार बोटं केस देतात, देव घेतो. अस्के देतात, सगळ्या बायका देतात, तसंच."

"मी जावळ बोललोंय. जावळ म्हणजे मोट्टै," राव म्हणाले. "चार बोटांवर भागवायला ते काय भाजीवाल्याशी बोलणं आहे?"

"तुम्ही बोलला मामंजी. डोस्कं तिचं आहे, हात माझे आहेत. एकतीस वर्षं दर शुक्रवारी तेल कोणी लावलं? तुमच्या रशियानं?"

श्रीविद्या हे सगळं ऐकत भिंतीला टेकून उभी होती. आपल्या डोक्याबद्दलच्या या सभेत आपल्याला बोलावलेलं नाही, हे तिला नवीन नव्हतं. बारा वर्षांपूर्वी, पहिल्या फायनलच्या वेळी, ती एकोणीस वर्षांची होती. तेव्हाही असंच सगळे बोलले होते. मॉस्कोच्या दिनामोनं ट्रॅक्टरला हरवलं, अम्मानं नारळ फोडला, आजा दोन दिवस जेवले नाहीत, आणि ती गच्चीवर जाऊन रडली होती. ती कोणासाठी रडली हे कोणी विचारलं नव्हतं.

मॅच सुरू झाली. समोर यारोस्लाव्हलचा लोकोमोटिव्ह होता.

"लोकोमोटिव्ह म्हणजे रेल्वेच की," नीलमताई चष्मा लावत म्हणाल्या.

"रेल्वेच," कनका म्हणाली. तिचा आवाज एकदम बदलला. "माझे वडील दक्षिण रेल्वेत होते. स्टेशन मास्तर. मी रेल्वेकडून."

"मी पण," नीलमताईंनी खुर्ची तिच्या शेजारी ओढली. लग्न ठरवताना ज्या दोघींनी हॉलच्या भाड्यावरून आठवडाभर अबोला धरला होता त्या आता हातात हात घालून बसल्या.

"मी ट्रॅक्टरकडून," श्रीविद्या म्हणाली आणि आजांच्या पायाशी जाऊन बसली.

"मी पण मग," आशिष म्हणाला. त्याच्या आईनं त्याच्याकडं जे पाहिलं ते सांगण्यासारखं नव्हतं. विश्वेश पापड खात राहिला. त्यानं कुठलीच बाजू घेतली नाही, कारण त्याला दोन्हीकडून माहिती हवी होती.

चित्र दर पाच मिनिटांनी अडकायचं. खेळाडू काठी उगारून तसाच थांबायचा, खाली चक्र फिरत राहायचं आणि कनका तेवढ्या वेळात अम्मनचं नाव घ्यायची. नीलमताईंना पहिल्या ब्रेकपर्यंत चेंडू कुठं आहे तेच दिसलं नव्हतं. तो चेंडू नसून चपटी रबराची चकती आहे हे कळल्यावर त्यांनी तिला वडा म्हणायला सुरुवात केली. दुसऱ्या भागात रेल्वेच्या एका धिप्पाड गड्यानं ट्रॅक्टरच्या माणसाला कडेच्या फळीवर चेपलं, तेव्हा त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि मग लाजल्या.

श्रीविद्येच्या पाठीला आजांचे गुडघे लागत होते. तिनं मान वळवून वर पाहिलं. त्यांच्या ओठांची हालचाल चालू होती, पण ते जप करत नव्हते, खेळाडूंना शिव्या घालत होते, तिकडच्या कामगारांनी शिकवलेल्या. घामानं मफलर भिजला होता. तिला एकदम त्यांची फार माया आली. या माणसानं तिचं बालपण एका गाठीत बांधून ठेवलं होतं आणि त्यात त्याला आपण तिला काही मोठं दिलंय असंच वाटत आलं होतं. त्याच्यावर रागवायचं तरी कुठून सुरू करायचं, हे तिला कधीच कळलं नव्हतं.

शेवटी चित्र पुन्हा अडकलं. या वेळी बराच वेळ अडकलं. आणि सुरू झालं तेव्हा लोकोमोटिव्हचे सगळे खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडलेले होते आणि हातमोजे बर्फावर विखुरले होते. गोल कसा झाला हे पश्चिम मांबलमच्या या घरात कोणी पाहिलंच नाही.

"संपलं काय?" नीलमताईंनी हळूच विचारलं.

"संपलं," विश्वेश म्हणाला. त्याचा पापड हातातच राहिला होता. लहानपणापासूनच्या सवयीनं त्याला वाईट वाटलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसलं.

कनका आणि नीलमताईंनी एकमेकींचे हात सोडले. जिंकल्यावर आनंद करायची दोघींना लाज वाटली. राव पडद्याकडं पाहत होते. रेल्वेवाले चषक डोक्यावर घेऊन फिरत होते.

"मिळूं दे त्यांना," राव म्हणाले. "त्यांची अख्खी टीम विमान पडून गेलेली. चौदा वर्षं झाली. पुन्हा शून्यावरनं उभे राहिले. मिळूं दे."

त्या वर्षी आजांनी देवघरात रेल्वेवाल्यांसाठी दिवा लावला होता हे श्रीविद्येला आठवलं. शत्रूंसाठी दिवा कशाला, असं तिनं विचारलं होतं. खेळांत शत्रू असतात काय, असं ते म्हणाले होते.

मग त्यांनी स्टुलावरची पिवळी गाठ उचलली, डोळ्यांना लावली, आणि देवघरात न ठेवता श्रीविद्येच्या हातात दिली.

"पुढल्या वर्षी नक्की. तरुण पोरं आहेत, चांगला कोच आहे. पण मी असेन कीं नाही कोण जाणे. हे आता तू सांभाळ, कण्णा."

श्रीविद्येनं गाठीकडं पाहिलं. आत रूबल कडक लागत होता.

"आणि मी पण नसले तर, आजा?"

"तुझी मुलगी सांभाळेल," राव अगदी सहज म्हणाले. "नवस घराचा असतो."

मग नीलमताई खुर्चीवरून उठल्या.

"एक मिनिट. एक मिनिट हं, आजोबा. माझी नात? जी अजून व्हायची आहे?"

"होय कीं."

"तिच्या जावळाला हा ट्रॅक्टर लागता कामा नये." नीलमताई श्रीविद्येकडं वळल्या. "देऊन टाक गं बाई. उद्या देऊन टाक. सगळे दे. लग्नात काय, लग्नात अर्ध्या मुली टी. नगरातली खोटी वेणी लावूनच बसतात, वरून जाईचा गजरा, कोणाला कळतंय? पण हे माझ्या नातवंडांपर्यंत येऊ देऊ नकोस."

"कसं देता येईल?" राव म्हणाले. "जिंकले कुठं?"

"अय्यो, ती काय बोलत्ये," कनका म्हणाली. "केस द्यायचे? आतां? हरल्यावर?" तिचा आवाज चिरकला. दिवसभर हरण्याची प्रार्थना केलेली बाई आता केसांच्या बाजूनं उभी राहिली होती, आणि तिच्याबरोबर चक्क सासरे होते. गेल्या एकतीस वर्षांत हे दोघे एका बाजूला आल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

"मी जात्ये तिरुपतीला," श्रीविद्या म्हणाली.

तिनं ते मोठ्यानं म्हटलं नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. सभेत पहिल्यांदाच डोकं ज्याचं त्यानं तोंड उघडलं होतं.

"आजा, तुम्ही देवाशी बोलला, जिंकले तर देईन. मी तर कांही बोलले नाही. मी जिंकायची वाट बघितली, वीस वर्षं रोज बघितली, तुमच्यापेक्षा जास्त बघितली. तुम्हाला चषक हवा होता. मला माझं डोकं हवं होतं. आतां हरले तरी मी देत्ये. जिंकल्याबद्दल देव नको म्हणाला असेल तर हरल्याबद्दल घेऊं दे. दोनदां फायनलला गेले, ते काय फुकट गेलं?"

राव नवसाच्या कायद्यात या युक्तिवादाला जागा कुठं सापडते ते शोधत असावेत. आशिष पुढं होऊन म्हणाला, "माझ्या बाजूनं सांगायचं तर, घरात एकाला आधीच सवय आहे. दुसऱ्याला मी शिकवीन. उन्हात टोपी, आंघोळीला मग्गाभर पाणी."

विश्वेश तेवढा हसला.

कनका रडत होती. तिनं श्रीविद्येची वेणी पुढ्यात ओढून घेतली होती आणि दोन्ही हातांनी धरून ठेवली होती.

"तुला काय," ती म्हणाली. "तुला ओझं होतं. मला ठाऊक आहे. कोवलमला गेलेलीस तेंही ठाऊक आहे, केसांत वाळू होती, मी तीन वेळां धुतली आणि कांही विचारलं नाही. पण दर शुक्रवारी तू माझ्यापुढं बसायचीस. कॉलेजला गेलीस, नोकरीला लागलीस, कोणाशी बोलेनाशी झालीस, तरी शुक्रवारी तासभर बसायचीस. केस नसतील तर तू कशाला बसशील?"

श्रीविद्येला हे कधी सुचलं नव्हतं. तिनं कुलपाचा इतका अभ्यास केला होता की दुसऱ्या बाजूला कोण बसलंय ते तिनं पाहिलंच नव्हतं. ती आईपुढं खाली बसली, नेहमीसारखी, पाठ करून.

"मोट्टैवर पण तेल लावतात अम्मा," ती म्हणाली. "उलट जास्त लावतात."

कनकानं नाक पुसलं. मग वेणी सोडायला घेतली. सवयीनं बोटं फिरत होती. "शुक्रवारी?" तिनं विचारलं.

"शुक्रवारी. ओरगडमवरनं येईन."

दाराची कडी वाजली. कार्तिकेय दह्याची दोन पाकिटं घेऊन आत आले, सगळ्यांची तोंडं पाहिली, बायकोच्या हातातले मोकळे केस पाहिले, आणि "आणखी काही हवंय काय?" असं विचारलं.

"तिरुपतीची गाडी बुक कर," विश्वेश म्हणाला.

"जिंकले?"

"हरले."

कार्तिकेयांनी मान डोलावली. या घरात जन्म काढून त्यांनी कारण विचारणं सोडलं होतं.

"त्या केसांचं तिथं पुढं काय करतात?" राजगोपालरावांनी अचानक विचारलं. ते अजून पंख्याखालीच होते.

"लिलाव करतात अप्पा," विश्वेश म्हणाला. "परदेशांत जातात. टोप करतात त्यांचे, बायका घालतात."

"रशियांत पण जातात काय?"

"जात असतील."

राव विचारात पडले. ते कुठं पोचले ते श्रीविद्येला दिसत होतं. बर्फातला तो रस्ता, कारखान्याची चिमणी, हॉकीचा हॉल, तिकिटाच्या रांगेत उभी असलेली कोणी बाई आणि तिच्या डोक्यावर पश्चिम मांबलमचे गुडघ्याखालपर्यंतचे केस.

"तिथं थंडी फार," ते शेवटी म्हणाले. "उपयोगी पडतील."

मग ते उठले, सावकाश तिच्यापाशी आले, गळ्यातला मफलर सोडला आणि तिच्या डोक्यावर गुंडाळू लागले. तो घामानं ओला होता, त्याला डांबरगोळ्यांचा वास होता आणि बाहेर अंगाची लाही होत होती. केस इतके होते की मफलर पुरेना. त्यांनी पुन्हा सोडला, पुन्हा गुंडाळला.

"आतां नाही पुरत," ते म्हणाले. "तिथनं आल्यावर पुरेल. नव्या मोट्टैला वारा लागतो."

"आजा, अग्निनक्षत्र आहे."

"असूं दे," राव म्हणाले, आणि मफलर तिच्या हातात देऊन पिवळी गाठ तिच्याकडून परत घेतली. "हे मी नेतों. देवाशी मी बोललोंय, हरलों हे पण मीच सांगायला हवं."